दांडीवरचं वजन : ट्रेलर घेऊन मांजरी–भिगवण–जेजुरी

निघण्याआधीचे दिवस

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालं. आई आता घरभर फिरतात, सोसायटीच्या बागेत चार फेऱ्या मारतात, पण उकिडवं बसता येत नाही. रस्त्यातल्या स्वच्छतागृहांच्या धास्तीने त्यांनी प्रवासच सोडला होता. लग्नकार्याला बोलावणं आलं की पहिला प्रश्न, "वाटेत सोय काय?" मग नाहीच म्हणायच्या. म्हणून आम्ही ट्रेलर बनवून घेतला. एका ॲक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा, छोटा. आत दोन बाकं, रात्री त्यांचे पलंग होतात, एक ओटा, आणि हँडल धरून बसता-उठता येईल असं कमोड. चाकणजवळच्या एका फॅब्रिकेटरने सांगाडा केला आणि चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक बसवले. त्यांचा कंट्रोलर माझ्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली आहे.

ट्रेलर आला, आणि तो गाडीला जोडायचा कसा यावर घरात तीन आठवडे चर्चा चालली.

सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, सगळं आयुष्य पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. त्यांनी नातीला समोर बसवून पट्टी आणि खोडरबर घेतलं. पट्टी खोडरबरावर ठेवली, एक टोक बोटाने दाबलं, दुसरं वर उचललं गेलं. "खोडरबर म्हणजे गाडीचं मागचं चाक. शेपटावर ट्रेलर बसला की नाक वर जातं. नाक वर गेलं की स्टिअरिंगच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि वळवायचं काम त्याच चाकांचं." एवढं सांगून त्यांनी टेप काढला. आमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २७५० मिलीमीटर. मागच्या ॲक्सलपासून हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलपर्यंत १२५० मिलीमीटर.

आता ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, म्हणजे बॉलवर, नक्की किती किलो येतात ते हवं होतं. घरातला वजनकाटा फार तर दीडशे किलोचा, आणि त्यावर थेट दांडी ठेवायची भीती. बाबांनी एक जाड फळी घेतली. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, आणि ट्रेलरची दांडी विटेकडून एक तृतीयांश अंतरावर टेकवली. म्हणजे काट्यावर वजनाचा तिसरा हिस्साच येतो. फळीचं स्वतःचं वजन वजा करून काट्याने ४३ दाखवले. तीनने गुणलं, १२९. सामान भरून ट्रेलर अंदाजे बाराशे किलोच्या आत होता, म्हणजे दांडीवर साधारण अकरा टक्के. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी दांडीवर दहा ते पंधरा टक्के वजन ठेवायचा नेम आहे. युरोपातले कॅराव्हान दांडीवर यापेक्षा बरंच कमी वजन ठेवतात. त्यांचे सांगाडे हलके असतात आणि ब्रेक बहुतेक दांडी मागे सरकण्यावर चालतात, म्हणून तिकडे वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे भार वाटून देणारी जोडणी, सहसा वापरत नाहीत, झुलणं रोखणारे स्टॅबिलायझर लावतात. आपल्याकडे दोन्हीकडचे सुटे भाग मिळतात आणि विकणारा दोन्ही एकत्र करून देतो. तिथेच माणूस फसतो.

हिशेब बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडला. १३० किलोला १२५० ने गुणायचं, २७५० ने भागायचं. उत्तर ५९. म्हणजे ट्रेलर जोडला की पुढच्या चाकांवरचे जवळपास साठ किलो उचलले जाणार, आणि मागच्या ॲक्सलवर १३० नव्हे, १९० वाढणार. हे उचललेले किलो परत पुढे पाठवायचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिच करतो. हिचच्या डोक्यातून दोन स्प्रिंग बार मागे, ट्रेलरच्या ए-फ्रेमच्या, म्हणजे दांडीच्या A आकाराच्या सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंना जातात. त्यांची मागची टोकं साखळीने वर खेचून अडकवायची. बार वाकतो आणि सरळ व्हायला बघतो. हातगाडीचे दोन दांडे धरून वर उचलावेत, तसं गाडीचं शेपूट त्या जोरावर उचललं जातं. थोडा भार पुढच्या चाकांकडे जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांकडे.

बार कितीचे घ्यायचे हा खरा वाद. एका दुकानात साडेचारशे किलोच्या क्षमतेचे बार स्वस्तात मिळत होते. विकणारा म्हणाला, "मॅडम, जाड तेवढं मजबूत, कशाला विचार करता?" नवराही विरघळला होता. मी आणि बाबा हटलो नाही. बारची निवड दांडीवरच्या वजनावरून करायची, आणि त्यात गाडीच्या डिकीतलं, मागच्या ॲक्सलच्या मागे असलेलं सामानही धरायचं. आमचे १३० आणि डिकीतले साठ, झाले १९०. त्याला २७० किलोचे बार पुरेसे. साडेचारशेचे बार वाकणारच नाहीत. आणि न वाकणारी स्प्रिंग प्रत्येक खड्ड्याचा हिसका सरळ ए-फ्रेमच्या वेल्डिंगला आणि गाडीच्या चॅसीला देते. आम्ही २७०चे घेतले, महाग पडले तरी.

दुसरी गोष्ट बॉलची. हिचबरोबर आलेला बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलीमीटर. ट्रेलरचं कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, ५० मिलीमीटरचं. फरक नखाएवढाही नाही, पण कपलर पुरतं बसत नव्हतं. फॅब्रिकेटरकडचा मुलगा म्हणाला, हातोडीने बसेल. बाबांनी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली. कपलर बदलून दोन इंची लावलं. त्यात दोन दिवस गेले, आणि ते जायलाच हवे होते. उलटं असतं, कपलर मोठं आणि बॉल लहान, तर ते बिनबोभाट बसलं असतं आणि रस्त्यात एखाद्या उडीला निसटलं असतं.

चॅसीला बोल्ट केलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या खोबणीच्या, पट्टीवर दोन आकडे कोरलेले असतात. एक नुसता भार वाहण्याचा, दुसरा वेट डिस्ट्रिब्युशन लावून. गाडीच्या पुस्तिकेतली ओढण्याची मर्यादा यापेक्षा कमी असेल तर तीच खरी. हिच कितीही भारी असला तरी ती मर्यादा वाढवत नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकांत तर अशा हिचला सरळ मनाईच असते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आम्हाला दुकानात नेमकं उलटं सांगितलं गेलं होतं.

पहिला दिवस : मांजरी ते भिगवण

फेब्रुवारीचा शुक्रवार. पहाटे पाचला अंगणातच पहिली मापं झाली. ट्रेलर न जोडता पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ८६ सेंटीमीटर. जोडल्यावर, बार न लावता, ८७. मागचं मडगार्ड मात्र जवळपास तीन सेंटीमीटर खाली. लांबून बघणाऱ्याला मागचं बसलेलं दिसतं, पुढचं उचललेलं दिसतच नाही. एक सेंटीमीटर डोळ्याला काय कळणार? पण तो एक सेंटीमीटर म्हणजेच ते साठ किलो.

मग जॅकने दांडी आणि तिच्याबरोबर गाडीचं शेपूट थोडं वर उचललं, म्हणजे साखळी हाताने सहज अडकते. उचलल्याशिवाय पहारीने जोर लावायला जाऊ नये. ताणलेला बार सुटला तर पायाचं हाड राहत नाही. बाबांनी लेकीला दहा फूट लांब उभं केलं होतं आणि ती रागावली होती. साखळी ओढून पुढचं मडगार्ड अगदी ८६ वर आणलं. बाबा खूश. टूलरूमच्या माणसाला आकडा जसाच्या तसा परत आलेला आवडतो.

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलो. लोणी काळभोरपर्यंत गर्दी, पुढे मोकळं. गाडी मीच चालवत होते. वेग साठच्या आसपास. गाडी सरळ धावत होती, पण काहीतरी ताठ होतं. पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागून लाकडी दणका यायचा, आणि वळणावर मागची चाकं रस्ता नीट धरत नाहीत असं वाटायचं. आई म्हणाल्या, "पाठीत बसतंय गं." बाबा गप्प.

यवतच्या पुढे गुऱ्हाळांचा पट्टा सुरू होतो. चुलाणाचा गोड धूर थेट काचेपर्यंत. उसाच्या गाड्यांसाठी रस्त्याकडेला वजनकाटे आहेत, त्यातल्या एकावर थांबलो. काटेवाला आधी हसला, इतकं चिमुकलं वाहन कशाला मोजायचं म्हणून. पण बाबांनी वही काढल्यावर त्यालाच हुरूप आला. पद्धत सोपी. आधी फक्त गाडीची पुढची चाकं काट्यावर, मग चारही, मग ट्रेलरसकट सगळं, आणि वजाबाकी आपण करायची. हे तीन वेळा. बार ताणलेले असताना, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला उभा करून नुसत्या गाडीचं. प्रत्येक वेळी माणसं आपापल्या जागी बसलेली हवीत, म्हणून आईंनाही उतरू दिलं नाही.

नुसती गाडी : पुढे ११३०, मागे ११९०. ट्रेलर जोडून बार सोडलेले : पुढे १०७०, मागे १३८०, ट्रेलरच्या चाकांवर १०५०. सकाळी घट्ट केले तसे बार ताणून : पुढे पुन्हा ११३०, मागे १२८०, ट्रेलरवर १०९०.

वर्तमानपत्राच्या कडेचा हिशेब आणि काटा यांत एका किलोचा फरक. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण पुढचा भार शंभर टक्के परत आला म्हणजे काम चोख झालं, असं नाही. पूर्वी तसंच सांगत. आता कितीतरी उत्पादकांच्या पुस्तिका साधारण निम्मा भार परत आणा म्हणतात. बार जास्त ताणला की मागच्या ॲक्सलवरून नको तेवढा भार उचलला जातो, आणि ट्रेलर शेपटाला ढकलत असताना, विशेषतः वळणावर, मागच्या चाकांना पकड हवीच असते. मला जे वळणावर जाणवलं ते तेच असावं. दोन्ही साखळ्या एकेक कडी सैल केल्या. पुन्हा काट्यावर : पुढे ११००, मागे १३३०, ट्रेलर १०७०. मडगार्ड ८६.५ वर. पाटसच्या पुढे आई झोपल्या.

काटेवाल्याने सगळ्या फेऱ्यांचे मिळून एकाच वजनाचे पैसे घेतले आणि शेवटच्या पावतीवर स्वतः पेनाने "ओके" लिहून दिलं.

भिगवणला मुक्कामाच्या जागी ट्रेलर मागे घ्यायचा होता. त्याआधी घर्षणाचा स्वे बार काढून ठेवला. तो ट्रेलरचं झुलणं दाबतो, पण मागे घेताना तीव्र वळणात वाकून मोडतो. रात्री मरळीचं कालवण, भाकरी. आईंनी जेवून हात धुतले, ट्रेलरच्या दोन पायऱ्या चढून आत गेल्या, आणि दार लावून घेतलं. दीड वर्षानंतर घराबाहेरचा त्यांचा पहिला मुक्काम.

दुसरा दिवस : कुंभारगाव

भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि मागे पाणी पसरलं, त्यात कितीतरी गावांची जमीन गेली. त्याच उथळ काठावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. पहाटे कुंभारगावला होडीत बसलो. आईंना होडीत चढवायला नावाड्याने फळी टाकली आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उभा राहिला. रोहित पक्ष्यांचा थवा आधी पांढऱ्या रेघेसारखा दिसला. मग उडाला तेव्हा पंखांखालचा लाल उघडा पडला. चित्रबलाक, चक्रवाक, लांब गुलाबी पायांचे शेकाटे. नावाडी म्हणाला, "इथं आमच्या आज्याचं शेत होतं," आणि वल्ह्याने पाण्याकडे बोट केलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

दुपारी सगळे आडवे झाले. संध्याकाळी मुक्कामाच्या मालकांनी प्रेमाने ट्रेलरची पाण्याची टाकी भरून दिली. ऐंशी लिटर, काठोकाठ. घरून निघताना ती रिकामी होती. टाकी मागच्या बाकाखाली आहे. ही गोष्ट त्या क्षणी आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नाही, बाबांच्यासुद्धा.

तिसरा दिवस : बारामती, मोरगाव, जेजुरी, दिवे घाट

भिगवणहून बारामतीकडे निघालो. दुतर्फा ऊस, तोडणी जोरात. सौम्य उतार होता, वेगाचा काटा पासष्टवर. समोरून उसाने भरलेला ट्रक आला, वाऱ्याचा लोट आपटला, आणि ट्रेलरने शेपूट हलवलं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जास्त. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसायची, मग दुसरी. पाय ब्रेककडे जात होता. तो मी जाऊ दिला नाही. गाडीचा ब्रेक दाबला की मागचं ओझं आणखी पुढे ढकलतं. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डाव्या हाताने कंट्रोलरचा खटका दाबला. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले, तो मागून ताणला गेला आणि रेषेत आला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. माझे हात नंतर थरथरले.

बाभळीखाली थांबलो. तिथेच उसाची एक टायरगाडी सोडून गाडीवान बैलांना विसावा देत होता. त्याने आम्हाला येताना पाहिलं होतं. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागे वाकून बघितलं.

"मागं काय भरलंय ताई?"

"काही नाही हो. सामान पुढेच आहे."

"मग गाडी उलाळ कशानं झाली?"

उलाळ. बाबांनी कपाळावर हात मारला. बैलगाडी मागे जड झाली की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवरून सुटू बघतं. ती गाडी उलाळ. गाडीवान साटा भरताना ऊस पुढे-मागे सरकवत राहतो, जू मानेवर बेताचं टेकेपर्यंत. फार जड झालं तर बैल दमतो, हलकं झालं तर गाडी त्याच्या ताब्यात राहत नाही. दांडीवरचे दहा ते पंधरा टक्के म्हणजे हेच. त्या माणसाला टक्केवारीची गरज पडली नाही.

टाकी ॲक्सलच्या मागे १२०० मिलीमीटर, दांडीचं टोक ॲक्सलच्या पुढे ३५०० मिलीमीटर. ऐंशी लिटर पाण्याने दांडीवरचे सत्तावीस किलो उचलले होते. ट्रेलर १२६० किलोचा झाला आणि दांडीवर राहिले १०३, म्हणजे आठ टक्के. बार होते तसेच ताणलेले, मडगार्ड सकाळी डोळ्याला ठीकच दिसलं होतं. हिच भार वाटून देतो. ट्रेलरच्या आत चुकीच्या जागी भरलेलं तो दुरुस्त करत नाही, आणि घर्षणाचा बारही ते फक्त काही वेगापर्यंत झाकून ठेवतो. मला हे वाचून माहीत होतं. वाचून माहीत असणं त्या रस्त्यावर पुरलं नाही.

टाकीचा नळ सोडला आणि बादल्या भरल्या. गाडीवानाच्या दोन्ही बैलांनी एकापाठोपाठ एक बादली संपवली, कान हलवत, मान न उचलता. लेक मोजत होती. उरलेलं पाणी बाभळीच्या बुंध्याला. गाडीवानाने आम्हाला ऊस दिला, पैसे घेतले नाहीत. आईंनी त्याच्या हातावर घरचे दोन लाडू ठेवले.

पुढचा रस्ता ट्रेलर मागे आहे हे विसरावं इतका शांत. मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन झटपट झालं. जेजुरीला मात्र थांबलो. आईंना खंडोबाला जायचं होतं, आणि गडाच्या पायऱ्या त्यांना शक्य नव्हत्या. नवरा आणि लेक वर जाऊन आले. आई खाली खुर्चीवर बसून कळसाकडे बघत होत्या. लेकीने वरून आणलेला भंडारा आजीच्या कपाळाला लावला, मग आजोबांच्या, मग कोणाचं लक्ष नसताना हिचच्या बॉलच्या झाकणाला.

सासवडहून दिवे घाट. आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून हा घाट चढते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आम्ही उलट्या दिशेने, उतरत. घाट सुरू होण्याआधी थांबून साखळ्या, पिन, सुरक्षा-साखळी, दिव्यांची वायर सगळं हाताने तपासलं. दुसऱ्या गिअरमध्येच खाली आलो. वेग इंजिनाने धरून ठेवला, आणि वळणाच्या आधी खटक्याने ट्रेलरचा ब्रेक थोडा थोडा. डावीकडे खोल खाली मस्तानी तलाव. बाबा दर वळणाला "हं, आता सोड" म्हणत होते आणि मला त्याची मदत होत होती. खाली उतरून चाकांजवळ हात नेला. ट्रेलरचे ड्रम गरम, पण हात ठेवता येईल इतकेच, आणि दोन्ही बाजूंचे सारखे. वास नाही.

मांजरीला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. बार काढून पुसले, हिचच्या डोक्यातल्या खाचांना ग्रीस लावलं. बाबांनी तिथेच लाल रंगाची डबी आणली. ज्या कडीवर साखळी बरोबर बसली होती, ती दोन्हीकडची कडी रंगवली. मग ट्रेलरमध्ये शिरले आणि टाकीच्या नळाला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला : "वाटेत रिकामी. मुक्कामी भरा." नवरा म्हणाला, पुढच्या महिन्यात फॅब्रिकेटरकडून टाकी ॲक्सलच्या थोडी पुढे घेऊ. बाबांनी लगेच वही उघडली, कारण टाकी हलली की दांडीवरचं वजन पुन्हा मोजावं लागणार.

आई आतून विचारत होत्या, गाणगापूरला हा ट्रेलर जाईल का.